लिस्बन ते हेलसिंकी: ३,३६० किलोमीटर म्हणजे पाच तास की पाच दिवस?

लिस्बन आणि हेलसिंकी यांच्यात अंतर किती, हे शोधायला गेलात की एकाच प्रश्नाची चार उत्तरं समोर येतात. एक जागा सांगते ३,३६० किमी, विमानाने पावणेपाच तास. दुसरी सांगते ४,४०० किमी, मोटारीने पंचेचाळीस-पन्नास तास. तिसऱ्या ठिकाणी आगगाडी आणि जहाज मिळून ५४ तास अशी बेरीज असते. आणि खरोखर आगगाडीने गेलेला माणूस सोमवारी सकाळी निघून शुक्रवारी सकाळी पोहोचतो.

यातला एकही आकडा चुकीचा नाही. प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली आहे, एवढंच. युरोपच्या दोन टोकांमधला प्रवास ठरवताना किलोमीटर पाहून फारसं काही कळत नाही. पाहायचे असतात ते सांधे: गाडी कुठे बदलायची, पाणी कुठे आडवं येतं, रूळ कुठे बदलतात, घड्याळ कुठे सरकतं. वेळ जातो तो तिथे.

हवाई अंतर: ३,३६० कुठून आलं

पृथ्वी गोल असल्यामुळे दोन शहरांमधला सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर पट्टीने काढता येत नाही. ग्लोबवर दोन टोकांमध्ये दोरा ताणून धरला तर तो ज्या रेषेवर बसेल, तो जवळचा मार्ग. लिस्बन ३८.७ अंश उत्तर, ९.१ अंश पश्चिम, हेलसिंकी ६०.२ अंश उत्तर, २४.९ अंश पूर्व. यावरून गणित केलं की ३,३६० किमी येतात. कोणी ३,३५५ लिहितं, कोणी ३,३७०. शहराचा मध्य धरला की विमानतळ, आणि पृथ्वी पूर्ण गोल मानली की ध्रुवांकडे किंचित चपटी, यावर पाच-दहा किमी इकडेतिकडे होतात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. अंदाज हवा असेल तर श्रीनगर ते कन्याकुमारी हवाई अंतर साधारण २,९०० किमी आहे. त्यात मुंबई–गोवा जोडलं की जवळपास एवढं होतं.

हा ताणलेला दोरा जातो कुठून, ते मात्र बघण्यासारखं आहे. लिस्बनहून तो ईशान्येला निघतो, स्पेनच्या वायव्य भागावरून बिस्केच्या उपसागरावर जातो, फ्रान्सचा पश्चिमेकडचा भाग ओलांडतो आणि बरोबर अर्ध्या वाटेवर बेल्जियममध्ये, ब्रसेल्सच्या नैऋत्येला तीस-पस्तीस किमीवर येतो. पाऊण वाटेवर तो स्वीडनच्या दक्षिण टोकाला असतो, माल्मो शहरापासून फार लांब नाही. म्हणजे पॅरिस, कोलोन, हॅम्बुर्ग, कोपनहेगन, स्टॉकहोम अशी रेल्वेची वाट या दोऱ्याच्या बरीच जवळून जाते. नकाशावर ती वळणावळणाची दिसते, पण पॅरिसनंतर ती फारशी वाट चुकलेली नाही. खरा वळसा आहे तो त्याआधी, बिस्केचा उपसागर आणि पिरिनीज डोंगर टाळताना.

सपाट नकाशावर पट्टीने रेघ मारली असती तर? ती लक्झेंबर्ग-मेत्सच्या बाजूने गेली असती आणि ३,३९० किमी भरली असती. फरक ३० किमीचा, एक टक्कासुद्धा नाही. मुंबई–सॅन फ्रान्सिस्कोसारख्या लांब पल्ल्यावर हा फरक प्रचंड होतो. युरोपच्या आत त्याची चिंता करू नये.

विमानाचे पावणेपाच तास आणि घड्याळाची गंमत

मध्यम आकाराचं जेट विमान उंचीवर गेल्यावर ताशी ८३० किमीच्या आसपास उडतं. ३,३६० भागिले ८३० म्हणजे चार तास आणि वर काही मिनिटं. तिकिटावर मात्र पावणेपाच तास असतात, कारण विमान कंपन्या वेळ मोजतात ती जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंत. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, विमानतळाजवळ घ्यावी लागणारी वळणं आणि वाटेतला थोडा वळसा या सगळ्याचा तो हिशोब आहे. उलट दिशेला, हेलसिंकीहून लिस्बनला, बहुतेक दिवशी आणखी पंधरा-वीस मिनिटं लागतात. वरच्या थरातला वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, तो येताना समोरून लागतो.

इथे वाचणाऱ्याची हमखास फसगत होते. पोर्तुगाल जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, स्पेनपासून स्वीडनपर्यंतचा पट्टा एक तास पुढे आणि फिनलंड दोन तास पुढे. समजा विमान लिस्बनहून सकाळी ८ वाजता सुटलं आणि हेलसिंकीला दुपारी २:४५ ला उतरलं. वजाबाकी केली तर ६ तास ४५ मिनिटं. खरा प्रवास ४:४५ चा. परतीला ३:३० ला सुटून ६:३० ला लिस्बन, म्हणजे कागदावर तीनच तास, प्रत्यक्षात पाच. तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या त्या गावच्या असतात. युरोपीय संघात घड्याळं पुढेमागे करण्याचा क्षण सगळीकडे एकच असतो, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे हा दोन तासांचा फरक वर्षभर तसाच राहतो. बदलतो तो भारताशी असलेला फरक: उन्हाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच, हेलसिंकी अडीच आणि साडेतीन. घरी फोन करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायचं.

घरापासून घरापर्यंत किती? लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे, मेट्रो थेट जाते. सामान घेऊन पाऊण तास धरा. विमानतळावर दोन तास. उड्डाण पावणेपाच. उतरून सामान मिळायला अर्धा तास. हेलसिंकीच्या विमानतळावरून शहराच्या मध्यवर्ती स्थानकात लोकल साधारण अर्ध्या तासात पोहोचवते, पुढचं चालणं धरून पाऊण तास. एकूण पावणेनऊ तास. थेट विमान नसलेल्या दिवशी मध्ये एक थांबा येतो आणि हाच आकडा सहज बारावर जातो.

एकाच अंतराचे दोन तुकडे

आता जमिनीवर या. लिस्बन ते माद्रिद हवाई अंतर ५०३ किमी. माद्रिद ते बार्सिलोना ५०५ किमी. दोन्ही ठिकाणी मोठी शहरं, दोन्ही ठिकाणी रेल्वे. पहिल्या तुकड्याला आगगाडीने साधारण नऊ ते साडेदहा तास लागतात, दुसऱ्याला अडीच ते तीन.

सबंध लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. माद्रिद–बार्सिलोना हा वेगवान मार्ग २००८ मध्ये पूर्ण झाला. त्याची लांबी ६२१ किमी, पण गाड्या ताशी ३०० किमीच्या वेगाने धावतात आणि एकाहून अधिक कंपन्या दिवसभर गाड्या सोडतात. एक चुकली तर थोड्या वेळाने दुसरी असते. लिस्बन–माद्रिदला थेट गाडीच नाही. एके काळी होती: रात्रीची झोपायची गाडी. शिवाय १८८७ पासून ‘सुद एक्स्प्रेस’ नावाची गाडी लिस्बनला फ्रान्सच्या सीमेशी आणि पुढे पॅरिसशी जोडत होती. दोन्ही २०२० च्या मार्चमध्ये, कोविडच्या सुरुवातीला थांबल्या आणि परत सुरू झाल्याच नाहीत. दोन राजधान्यांमध्ये थेट रेल्वे नसणं ही पश्चिम युरोपात लाजिरवाणी गोष्ट आहे, पण सध्या आहे ती अशी.

त्यामुळे आता लिस्बनच्या सांता अपोलोनिया स्थानकातून एन्त्रोंकामेंतोपर्यंत एक गाडी, तिथून सीमेपलीकडच्या बादाखोसपर्यंत छोटी डिझेल गाडी, आणि बादाखोसहून माद्रिदची स्पॅनिश गाडी. मधल्या टप्प्यावर गाड्या दिवसाकाठी मोजक्याच. ती एक चुकली की दिवस गेला. वर घड्याळ एक तास पुढे जातं ते याच टप्प्यात: एन्त्रोंकामेंतोची वेळ पोर्तुगीज, बादाखोसची स्पॅनिश. हातात वीस मिनिटं आहेत असं समजून कॉफी घ्यायला गेलेल्या माणसाची गाडी चाळीस मिनिटांपूर्वी गेलेली असते. म्हणून या एका टप्प्यापुरता सरळ सल्ला: रेल्वेचा हट्ट नसेल तर बस घ्या. थेट बस आठ-नऊ तासांत माद्रिदला पोहोचवते, रात्रीचीही मिळते, आणि बदलण्याची भानगड नाही.

या तुकड्यात रुळांचाही प्रश्न आहे. पोर्तुगाल आणि स्पेनच्या जुन्या मार्गांवर दोन रुळांमधलं अंतर १,६६८ मिमी आहे. युरोपच्या बहुतेक भागात, आणि स्पेनच्या नव्या वेगवान मार्गांवर, ते १,४३५ मिमी. (आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमीचा, म्हणजे जुन्या स्पॅनिश रुळांपेक्षा फक्त ८ मिमी रुंद.) स्पेनमध्ये काही गाड्या ही अडचण चालता चालता सोडवतात. रुळांच्या दोन मापांच्या मध्ये एक लांबट चौकट बसवलेली असते. गाडी माणसाच्या धावण्याच्या वेगाने तिच्यावरून सरकते, डब्याचा भार बाजूच्या आधारांवर जातो, चाकांची कुलपं सुटतात, चाकं आत किंवा बाहेर ढकलली जातात आणि कुलपं पुन्हा बसतात. आत बसलेल्या प्रवाशाला थोडी खडखड ऐकू येते, बाकी काही नाही. हे तंत्र ज्या टॅल्गो कंपनीने नावारूपाला आणलं, तिचे डबे २०१६ मध्ये दिल्ली–मुंबई मार्गावर चाचणीसाठी धावले होते, ते अनेकांना आठवत असेल.

पॅरिसपर्यंत आणि पॅरिसमध्ये

बार्सिलोनाच्या सांत्स स्थानकातून पॅरिसची थेट गाडी डिसेंबर २०१३ पासून धावते. वेळ पावणेसात तासांच्या आसपास. पिरिनीज ती ८.३ किमी लांबीच्या बोगद्यातून पार करते, त्या भागात वेग उत्तम. मग पर्पिन्यांपासून माँपेलियेच्या अलीकडेपर्यंत नवा मार्ग अजून झालेला नाही. तिथे हीच ३०० च्या वेगाची गाडी जुन्या रुळांवर, खाऱ्या पाण्याच्या तळ्यांच्या काठाने, साध्या गाडीसारखी जाते. खिडकीतून दृश्य सुंदर दिसतं आणि वेळ निसटत जातो. माँपेलियेनंतर ती पुन्हा सुसाट. ‘वेगवान गाडी’ या शब्दावर भरवसा ठेवून अंतराला ३०० ने भागू नये, ते यासाठी.

या गाड्या दिवसाला दोन-तीनच असतात आणि रिझर्व्हेशन सक्तीचं. स्पेनच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना विमानतळासारखी सामानाची क्ष-किरण तपासणी असते आणि गाडी सुटायच्या थोडं आधी प्रवेश बंद होतो. सुटायच्या वेळेला धावत येऊन डब्याची दांडी धरण्याची मुंबईकर सवय इथे चालत नाही. निदान अर्धा तास आधी पोहोचा.

पॅरिसला गाडी गार द लियों स्थानकात येते. पुढची गाडी गार द्यु नॉरहून सुटते. दोन्हींमध्ये आरईआर लोकलची डी लाइन आहे: शातले आणि मग गार द्यु नॉर, दुसऱ्याच स्टॉपवर उतरायचं. गाडीतली दहा मिनिटं, पण फलाटावरून खाली जाणं, तिकीट काढणं, वर येणं धरून तासाभराचा अवधी ठेवा. मोठ्या बॅगा असतील तर दीड.

तिथून पुढे हॅम्बुर्ग, आणि समुद्र

पॅरिस ते कोलोन सव्वातीन ते साडेतीन तास. कोलोन ते हॅम्बुर्ग सुमारे चार. इथे अंतर, रूळ, वेग काहीच आड येत नाही. आड येतो तो जर्मन रेल्वेचा उशीर. जर्मनीत सहा मिनिटांच्या आत आलेली गाडी वेळेवर मानतात, आणि या सैल मापानेही २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या फक्त ६२.५ टक्के गाड्या वेळेवर होत्या. ‘जर्मन शिस्त’ हा समज घरी ठेवून जा. जर्मनीत गाडी बदलताना तिकिटाच्या संकेतस्थळाने सुचवलेलं आठ-दहा मिनिटांचं कनेक्शन घेऊ नका. एक तास ठेवा.

हॅम्बुर्ग ते कोपनहेगन हा पुढचा मजेदार तुकडा. हवाई अंतर २९० किमी, म्हणजे मुंबई–सातारा रस्त्याहून थोडं जास्त. गाडीला लागतात चार तास चाळीस मिनिटांच्या आसपास, कारण मध्ये समुद्राची पट्टी आहे आणि गाडी तिला वळसा घालून, पश्चिमेकडून डेन्मार्कच्या मुख्य भूमीत शिरून, बेटांवरून, पुलांवरून सुमारे ५०० किमी फिरून येते. डिसेंबर २०१९ पर्यंत ही गाडी चक्क जहाजात शिरत असे. पुट्टगार्डन बंदरात जहाजाच्या पोटातच रूळ होते. गाडी आत उभी राहायची, प्रवाशांना खाली उतरून वरच्या मजल्यावर जावं लागे, आणि पाऊण तासाने पलीकडे पुन्हा गाडीत बसून पुढे. आता त्याच पट्टीखाली १८ किमीचा बोगदा होत आहे. तो खोदलेला नाही: किनाऱ्यावर २१७ मीटर लांबीचे काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, तरंगवत न्यायचे आणि समुद्रतळावर कोरलेल्या चरात एकापुढे एक बसवायचे. काम ठरल्यापेक्षा मागे आहे. झालं की हॅम्बुर्ग–कोपनहेगन अडीच तासांवर येईल, आणि हवाई अंतर मात्र काल होतं तेवढंच असेल.

कोपनहेगन ते स्टॉकहोम सव्वापाच तास, २००० मध्ये खुल्या झालेल्या ओरेसुंड पुलावरून. पूल ओलांडल्यावर स्वीडनच्या पहिल्या स्थानकात पोलीस गाडीत चढून कागद बघू शकतात. पासपोर्ट हाताशी ठेवा. वरच्या बॅगेत, तळाशी नको.

सतरा तासांचं जहाज

स्टॉकहोम ते हेलसिंकी हवाई अंतर ४०० किमीच्या आत. जहाज संध्याकाळी साडेचारच्या सुमारास निघतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला पोहोचतं. घड्याळाचा एक तास वजा केला तरी साडेसोळा-सतरा तास. हे जहाज इतकं संथ का?

एक कारण भूगोल. स्टॉकहोमपासून खुल्या समुद्रापर्यंत हजारो बेटांची चिंचोळी वाट आहे. किनारे आणि छोट्या होड्या सांभाळत मोठ्या जहाजाला तिथून हळूच जावं लागतं, आणि त्यातच तीन-चार तास जातात. दुसरं कारण असं की घाई कोणालाच नाही. हे तरंगतं हॉटेल आहे. रात्री दोनला हेलसिंकीत उतरून कोणाला काय करायचंय? तिसरं कारण करांचं. मध्यरात्रीच्या सुमारास जहाज ओलँड बेटांच्या मारिएहाम्न बंदरात थोडा वेळ थांबतं. ही बेटं फिनलंडची आहेत, पण युरोपीय संघाच्या करक्षेत्राबाहेर आहेत. तिथे टेकून गेलेल्या जहाजावर दारू-तंबाखू करमुक्त विकता येते, आणि या व्यवसायाचं अर्थकारण त्यावर उभं आहे. मध्यरात्री इंजिनाचा आवाज बदलला, जहाज थरथरलं तर घाबरू नका, बंदर आलंय.

मला विचाराल तर संपूर्ण प्रवासातला हा सर्वांत हळू टप्पा हाच सर्वांत शहाणा आहे. ताशी २३ किमीच्या हिशोबाने तुम्ही पुढे सरकता, पण रात्र झोपेत जाते, हॉटेलचा खर्च वाचतो आणि सकाळी उतरता ते हेलसिंकी शहराच्या मध्याजवळच.

५४ तासांचे पाच दिवस कसे होतात

बेरीज करू. लिस्बन–माद्रिद दहा तास, माद्रिद–बार्सिलोना पावणेतीन, बार्सिलोना–पॅरिस पावणेसात, पॅरिस–हॅम्बुर्ग साडेसात, हॅम्बुर्ग–कोपनहेगन चार-चाळीस, कोपनहेगन–स्टॉकहोम सव्वापाच: रेल्वेचे सुमारे ३७ तास. जहाजाचे १७. एकूण ५४.

आता कॅलेंडरवर मांडा. सोमवारी सकाळी ८ ला लिस्बन, संध्याकाळी उशिरा माद्रिद, मुक्काम. मंगळवारी पहाटेची बार्सिलोना गाडी, तिथून पॅरिस, मुक्काम. बुधवारी सकाळी निघून कोलोन, हॅम्बुर्ग करत रात्री कोपनहेगन, मुक्काम. गुरुवारी सकाळी स्टॉकहोमची गाडी, दुपारी उतरून जहाज. शुक्रवारी सकाळी साडेदहाला हेलसिंकी. लिस्बनचे ८ म्हणजे हेलसिंकीचे १०, म्हणून एकूण ९६ तास ३० मिनिटं. त्यातले ५४ तास तुम्ही हलता; ४२ तास झोपता, जेवता आणि वाट पाहता. वेग दुप्पट करून ही संख्या अर्धी होत नाही, कारण पुढची गाडी सुटायची वेळ तीच राहते. माद्रिदला दोन तास लवकर पोहोचलात तरी मुक्काम माद्रिदलाच.

जहाजाचे सतरा तास टाळायचे असतील तर बाल्टिकची वाट आहे. पॅरिस ते बर्लिन थेट गाडी डिसेंबर २०२४ पासून सुरू झाली, आठ तास. बर्लिन–वॉर्सा साडेपाच. वॉर्सा–विल्नियस नऊच्या आसपास, मध्ये मोकावा या छोट्या लिथुआनियन स्थानकात गाडी बदलावी लागते, कारण तिथे १,४३५ चे रूळ संपून १,५२० मिमीचे सुरू होतात. विल्नियस–रिगा चार-सव्वाचार, रिगा–टॅलिन बसने साडेचार, टॅलिनहून हेलसिंकी जहाजाने दोन तास. पॅरिसनंतर एकूण ३३ तास. स्वीडनच्या वाटेने ३४. वाचला एक तास आणि वाढले सांधे. मोकावाचा सांधा काढण्यासाठी वॉर्सापासून टॅलिनपर्यंत १,४३५ मिमीचा नवा ‘रेल बाल्टिका’ मार्ग बांधला जात आहे. तो होईपर्यंत या वाटेला ती गावं बघायची असतील तरच जावं.

स्वतःची गाडी असेल तर हवाई अंतराला १.३ ने गुणा: ३,३६० चे ४,३७० होतात, आणि रस्त्याचा खरा आकडा त्याच्या अगदी जवळ आहे. हा ठोकताळा युरोपात बहुतेक ठिकाणी चालतो, मध्ये समुद्र आला की फसतो. नकाशाचं ॲप जे पंचेचाळीस-पन्नास तास दाखवतं ते न थांबता, न झोपता, रस्ता मोकळा धरून. दिवसाला नऊ तास चालवलं तर पाच-साडेपाच दिवस. ट्रकचालकाला तर कायद्यानेच बांधलेलं असतं: साडेचार तासांनंतर पाऊण तास विश्रांती, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदाच दहा, आणि आठवड्याला जास्तीत जास्त ५६. ताशी ७० च्या सरासरीने जमिनीवरचे ४,३०० किमी ६१ तासांचे होतात. म्हणजे एकटा चालक हा माल एका आठवड्यात कायदेशीररीत्या पोहोचवूच शकत नाही. मालाचा दर विचारताना ‘अंतर भागिले वेग’ करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

व्हिसा, तिकीट आणि उशीर

दोन्ही शहरं आणि मधले सगळे देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर एकच व्हिसा पुरतो. अर्ज करायचा तो जिथे जास्त रात्री काढणार त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथे प्रथम शिरणार त्याच्याकडे. एक खड्डा मात्र आहे. लिस्बन–हेलसिंकी स्वस्त तिकीट कधी कधी लंडनमार्गे मिळतं. लंडन शेंगेनबाहेर. तुमचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर लिस्बन सोडताक्षणी तो संपला, हेलसिंकीत शिरता येणार नाही. शिवाय ब्रिटनच्या ट्रान्झिट व्हिसाचे नियम वेगळे. पाच हजार रुपये वाचवायला जाऊन अख्खा प्रवास बुडतो.

रेल्वे पास भारतात राहणाऱ्यांसाठी ‘युरेल’, युरोपात राहणाऱ्यांसाठी ‘इंटररेल’. ठरतं ते राहण्याच्या ठिकाणावर, पासपोर्टवर नाही. म्युनिकला नोकरी करणाऱ्या मुलाला इंटररेल, त्याला भेटायला आलेल्या आईबाबांना युरेल. पास असला तरी स्पेन, फ्रान्स आणि पॅरिस–कोलोन गाड्यांना वेगळं रिझर्व्हेशन लागतं, आणि पासधारकांच्या जागा ठरावीक असतात.

उशीर झाला तर विमान आणि रेल्वे यांचे नियम निराळे. विमान तीन तासांहून जास्त उशिरा पोहोचलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर सध्याच्या नियमानुसार या पल्ल्यासाठी ४०० युरो भरपाई आहे. रेल्वेत एक तासाच्या उशिराला तिकिटाचे २५ टक्के, दोन तासांना ५० टक्के. पण रेल्वेतली खरी जोखीम भरपाईची नाही, पुढची गाडी चुकण्याची. सगळे टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पुढच्या गाडीने नेण्याची जबाबदारी त्यांची. सुटी सुटी तिकिटं घेतली असतील तर ती तुमची. लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत एकच तिकीट कोणी विकत नाही, म्हणून जिथे तिकिटं तुटतात तिथे रात्रीचा मुक्काम ठेवायचा: माद्रिद, पॅरिस, कोपनहेगन.

बुकिंगही लिस्बनपासून क्रमाने करू नका. आधी बार्सिलोना–पॅरिस, कारण गाड्या कमी आणि जागा लवकर जातात. मग स्टॉकहोमचं जहाज, उन्हाळ्यात केबिन संपतात. नंतर या दोन खुंट्यांच्या मधलं भरत जा. युरोपातलं वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलतं. त्या तारखेच्या पलीकडचा प्रवास असेल तर गाडी कधीची आहे ते तिकीट विक्री उघडल्यावर पुन्हा पाहा, आणि बादाखोसची ती छोटी डिझेल गाडी सगळ्यांत आधी.